रात्रीची तयारी, सकाळची न्याहारी

गेल्या श्रावणातील गोष्ट. शाळा भरून प्रार्थना चालू झाली होती. दुसरे कडवे संपते न संपते तोच सातवीच्या रांगेतील एक विद्यार्थिनी घेरी येऊन खाली बसली. तिला सावलीत नेले, साखरपाणी दिले. थोड्या वेळाने ती सावरली, तेव्हा मी विचारले, "बाळ, सकाळी काय खाल्लेस?" ती खाली मान घालून म्हणाली, "चहा घेतला, सर."

घेरी येण्याची कारणे अनेक असतात आणि ती वारंवार येत असेल तर वैद्याचा सल्ला घेणे हेच शहाणपणाचे. परंतु त्या दिवशीचे कारण उघड होते. आदल्या रात्री आठ वाजता जेवलेली मुलगी दुसऱ्या दिवशी बारा तासांनी केवळ अर्धा कप चहावर उन्हात उभी होती. तिच्या घरी अन्नाची वाण होती काय? मुळीच नाही. तिची आई यंत्रमागाच्या कारखान्यात सकाळच्या पाळीला जाते, वडील त्याआधीच केळीच्या बागेत गेलेले असतात. धाकट्या भावाची तयारी करून देणे हे तिच्याकडे. घरात पीठ होते, दाणे होते, दूधही होते. नव्हता तो फक्त वेळ.

त्याच दिवशी मी माझ्या वर्गात विचारले, "आज पोटभर न्याहारी करून कोण आले आहे? हात वर करा." जवळजवळ निम्मे हात खालीच राहिले. ज्यांनी हात वर केले नाहीत त्यांत सुखवस्तू घरांतील मुलेही होती. त्या दिवसापासून माझ्या मनात एकच विचार घोळू लागला : ज्या न्याहारीसाठी सकाळी चूल पेटवावी लागणार नाही, जी बारा-तेरा वर्षांचे मूल स्वतः करू शकेल, आणि जिने दुपारपर्यंत पोटाला आधार मिळेल, अशी एखादी न्याहारी आहे काय? तिची माहिती विद्यार्थी मित्रांना आणि त्यांच्या पालकांना द्यावी, हा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम हे लक्षात घ्यावे की रात्री तयारी करून सकाळी खाण्याची पद्धत आपल्याला नवी नाही. आपल्या आजी-आजोबांच्या लहानपणी ज्वारीची शिळी भाकरी ताकात किंवा दुधात कुस्करून खाणे ही शेतकऱ्याची नित्याची न्याहारी होती. ज्वारीचे वा नाचणीचे पीठ रात्री ताकात भिजवून सकाळी शिजवलेली आंबील आजही अनेक घरांत होते. त्या जुन्या माणसांनी 'पोषणशास्त्र' हा शब्द ऐकला नव्हता. परंतु पहाटे कामाला निघणाऱ्या माणसाच्या पोटात काही पडले पाहिजे, आणि त्यासाठी कष्ट रात्रीच करून ठेवले पाहिजेत, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

युरोपातही असाच विचार एका डॉक्टराने केला. स्वित्झर्लंडमधील झुरिच येथे माक्सिमिलियन बिर्खर-बेनर (१८६७–१९३९) या डॉक्टराचे आरोग्यधाम होते. विसाव्या शतकाच्या प्रारंभी त्याने आपल्या रुग्णांसाठी एक साधा पदार्थ सुरू केला. एक चमचा ओट्स रात्रभर थोड्या पाण्यात भिजवून ठेवावयाचे आणि खाण्याच्या वेळी त्यांत किसलेले सफरचंद, लिंबाचा रस, आटवलेले गोड दूध व बदाम-अक्रोडासारख्या फळांची पूड मिसळावयाची. त्या पदार्थात ओट्स थोडे आणि फळ पुष्कळ असे. पुढे त्याची अनेक रूपे झाली आणि तो जगभर पसरला. आज त्याचेच एक रूप शेंगदाण्याच्या लोण्याबरोबर केले जाते. शेंगदाणा आणि केळे या दोन्ही वस्तू बुऱ्हाणपूरच्या कोणत्याही बाजारात सहज मिळणाऱ्या. तेव्हा हा पदार्थ आपल्याला परका वाटण्याचे कारण नाही.

आता यातील एकेका घटकाचा विचार करू.

ओट हे गहू-जवासारखेच एक तृणधान्य आहे. हिंदीत त्याला 'जई' म्हणतात. आपल्या देशात ते मुख्यतः जनावरांच्या वैरणीसाठी पेरतात. थंड हवेच्या देशांत मात्र ते माणसांचे जुने अन्न आहे. दुकानात मिळणारे ओट्स म्हणजे कच्चे धान्य नव्हे. दाण्यावरील टरफल काढून दाणा वाफवतात आणि मग मोठ्या रुळांखाली दाबून चपटा करतात. वाफवल्यामुळे दोन कार्ये साधतात : दाणा अर्धवट शिजतो, आणि ओटमधील तेल लवकर खवट करणारा जो घटक असतो तो निष्क्रिय होतो. आपले पोहे आठवा. भात भिजवून, भाजून, कुटून पोहे होतात. म्हणूनच दडपे पोहे किंवा दहीपोहे चुलीवर न ठेवता खाता येतात. ओट्सची गोष्ट तशीच आहे. कच्चे तांदूळ किंवा ज्वारी रात्रभर दुधात ठेवली तर सकाळी ती खाता येणार नाही. ओट्स मात्र खाता येतात, कारण त्यांचे शिजणे अगोदरच बरेचसे उरकलेले असते.

परंतु भिजत असताना रात्रभर नेमके काय घडते? याचे उत्तर समजण्यास आपल्या गावाचे उदाहरण उपयोगी पडेल. बुऱ्हाणपुरातील कुंडी भंडारा तुम्ही पाहिला असेल. इसवी सन १६१५ मध्ये अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात ही योजना झाली. सातपुड्याच्या उतारावरून जमिनीत मुरलेले पाणी थेंबथेंब झिरपत भुयारात येते आणि शंभरावर कुंड्यांना जोडणाऱ्या त्या भुयारातून आपल्याच उताराने पुढे सरकते. ना मोट, ना यंत्र. काम सगळे झिरपण्याचे आणि वेळेचे. ओट्सच्या पाकळीतही दूध असेच हळूहळू झिरपते. पाकळी फुगते, मऊ होते. तिच्यात 'बीटा-ग्लुकॅन' नावाचा एक तंतुमय पदार्थ असतो. तो पाण्यात विरघळू लागला की सभोवतालचे दूध दाटसर, किंचित बुळबुळीत होते. शिजवताना जे काम उष्णता दहा मिनिटांत करते, त्यातील बरेचसे काम येथे वेळ सहा-आठ तासांत करते.

हा तंतुमय पदार्थ केवळ दाटपणा आणतो असे नव्हे. तो अन्नाला जठरातून सावकाश पुढे जाऊ देतो. त्यामुळे रक्तातील साखर एकदम चढून एकदम उतरत नाही आणि भूक उशिरा लागते. रोज तीन ग्रॅम बीटा-ग्लुकॅन पोटात गेल्यास, एकंदर आहार योग्य असताना, रक्तातील कोलेस्टेरॉल काहीसे उतरते असेही प्रयोगांत दिसून आले आहे. म्हणूनच १९९७ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ओट्सच्या वेष्टनावर हृदयरोगाच्या संदर्भात तसा उल्लेख करण्यास परवानगी दिली. तथापि ओट्स म्हणजे अमृत नव्हे. ते एक चांगले धान्य आहे, एवढेच.

आता शेंगदाणा. भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेतील. त्याचे फूल जमिनीच्या वर उमलते; परंतु फलधारणा होताच फुलाच्या बुडापासून एक दांडी फुटते आणि वाकून मातीत शिरते. तिला आपले शेतकरी 'आरी' म्हणतात. आऱ्या जमिनीत गेल्यावर त्यांच्या टोकांशी शेंगा धरतात. 'भुईमूग' हे नाव किती सार्थ आहे पाहा. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे पंचवीस ग्रॅम प्रथिने आणि जवळजवळ अर्धे तेल असते. याच तेलामुळे शेंगदाण्याचे लोणी होऊ शकते.

ते लोणी अमेरिकेतील शास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांनी शोधून काढले असे पुष्कळ ठिकाणी सांगितले जाते. ते खरे नाही. कॅनडातील मार्सेलस एड्सन याने १८८४ मध्येच भाजलेल्या दाण्यांच्या लगद्याचे पेटंट घेतले होते. कार्व्हर यांचे मोठेपण निराळे आहे. कापसाच्या सततच्या पिकाने दक्षिण अमेरिकी संस्थानांतील जमिनी निकस झाल्या होत्या. भुईमुगाच्या मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतील नत्र जमिनीत आणतात, म्हणून कार्व्हर यांनी गरीब शेतकऱ्यांना भुईमूग लावण्यास सांगितले. आणि पिकलेल्या शेंगांचे करावयाचे काय, हा प्रश्न पडू नये म्हणून १९१६ साली शेंगदाण्याचे १०५ पदार्थ सांगणारी पुस्तिका काढली. कापूस पिकवणाऱ्या आपल्या निमाड-खानदेशाला ही गोष्ट जवळची वाटावी. १९१० साली दक्षिण आफ्रिकेत स्थापन झालेल्या टॉल्स्टॉय फार्मवर गांधीजींनी फलाहाराचा जो प्रयोग केला, त्यातही कच्चे शेंगदाणे आणि केळी हे प्रमुख अन्न होते.

शेंगदाण्याचे लोणी बाजारात 'पीनट बटर' या नावाने मिळते. परंतु त्यात पुष्कळदा साखर व इतर तेले घातलेली असतात. घरी ते सोपे आणि स्वस्त होते. पाव किलो दाणे घ्या आणि प्रथम नीट निवडा. हे निवडणे केवळ खडे काढण्यासाठी नाही. त्याचे कारण पुढे सांगतो. मग लोखंडी कढईत मंद आचेवर हलवत हलवत खमंग भाजा. आच मोठी केली तर साल करपते आणि आतील दाणा कच्चा राहतो. दाणे कोमट झाले की चोळून, सुपात पाखडून साले काढा आणि मिक्सरमध्ये वाटावयास घ्या. प्रथम आपले नेहमीचे कूट होईल. बहुतेक जण येथेच थांबतात. तुम्ही थांबू नका. भांड्याच्या कडा चमच्याने सोडवून, मधून मधून यंत्राला विश्रांती देऊन वाटत राहा. कुटाचा गोळा होईल. आणि मग अचानक तो गोळा सैल होऊन चकाकू लागेल. दाण्यातील सूक्ष्म पेशी फुटून त्यांतील तेल बाहेर आले, त्या तेलात दाण्याचे कण तरंगू लागले, म्हणून हा चमत्कार. पाण्याचा किंवा वरून तेलाचा एक थेंबही लागत नाही. चिमूटभर मीठ घाला आणि कोरड्या काचेच्या बरणीत भरा. ओला चमचा बरणीत कधीही घालू नका. पाणी नाही म्हणून तर हे लोणी महिनाभर टिकते. काही दिवसांनी वर तेलाचा तवंग येईल. तो बिघाड नव्हे, ढवळून घ्यावे.

आता प्रत्यक्ष न्याहारी. एका जणासाठी साहित्य असे : ओट्स सुमारे ४० ग्रॅम, ज्या वाटीने ओट्स मोजले त्याच वाटीने त्यांच्या दीडपट तापवून गार केलेले दूध, शेंगदाण्याचे लोणी एक मोठा चमचा, चवीपुरता किसलेला गूळ, वेलदोड्याची चिमूट, आणि अर्धे पिकलेले केळे.

कृती करताना क्रम महत्त्वाचा आहे. लोणी एकदम सगळ्या दुधात टाकले तर त्याच्या गुठळ्या तळाशी बसतात. म्हणून झाकणाच्या डब्यात किंवा बरणीत प्रथम लोणी घ्यावे आणि दोन चमचे दूध घालून घोटावे. प्रारंभी ते सैल होण्याऐवजी घट्टच होईल, घाबरू नये. आणखी थोडे दूध घालताच ते साईसारखे मऊ होते. मग उरलेले दूध, गूळ व वेलदोडा घालून ढवळावे आणि शेवटी ओट्स मिसळावेत. झाकण लावून डबा लगेच फ्रिजमध्ये ठेवावा. सकाळी पुन्हा एकदा ढवळावे. फार दाट वाटल्यास चमचाभर दूध घालावे. केळे मात्र सकाळीच कापून घालावे. रात्री घातल्यास हवेच्या संपर्काने ते काळे पडते आणि मऊ होऊन चव बिघडवते. रात्रीचे काम पाच मिनिटांचे, सकाळचे एका मिनिटाचे.

एवढ्या न्याहारीत ओट्समधून सुमारे पाच, लोण्यातून चार आणि दुधातून पाच अशी एकूण चौदा ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. तेरा-चौदा वर्षांच्या मुलामुलींच्या रोजच्या गरजेचा हा जवळजवळ तिसरा हिस्सा झाला. येथे दुधाला विशेष महत्त्व आहे. 'लायसिन' नावाचा प्रथिनांचा एक आवश्यक घटक धान्यात कमी असतो, आणि शेंगदाण्यातही तो भरपूर नसतो. ती उणीव दूध भरून काढते.

आता तीन गोष्टींची काळजी. या भागाकडे विशेष लक्ष द्यावे अशी माझी विनंती आहे.

पहिली, उष्णतेची. हा पदार्थ थंड देशातून आला आहे. आपले वैशाख-ज्येष्ठ त्याला ठाऊक नाहीत. मी स्वतः पहिल्यांदा तो केला तो मे महिन्यात, आणि फ्रिजमध्ये जागा नाही म्हणून बरणी ओट्यावर ठेवली. सकाळी झाकण उघडताच आंबूस वास आला आणि सगळे फेकून द्यावे लागले. असे का व्हावे? अनुकूल उष्णतेत काही जंतू दर वीस मिनिटांनी दुप्पट होतात. रात्री नऊपासून सकाळी सहापर्यंत नऊ तास, म्हणजे सत्तावीस दुपटी. एका जंतूपासून हिशेब केला तर संख्या १३,४२,१७,७२८ होते! प्रत्यक्षात वाढ इतकी निर्वेध नसते. तरी धोका ध्यानात यावा. म्हणून ज्यांच्याकडे फ्रिज नाही त्यांनी उन्हाळ्या-पावसाळ्यात रात्री दूध घालून भिजवूच नये. माठाजवळचा गारवाही त्यास पुरत नाही. त्यांनी ओट्स, गूळ व वेलदोडा रात्री कोरडेच डब्यात भरून ठेवावेत आणि सकाळी आई चहासाठी दूध तापवील तेव्हा तेच कढत दूध त्यावर ओतून झाकण ठेवावे. केस विंचरून दप्तर भरेपर्यंत, म्हणजे पंधरा-वीस मिनिटांत, ओट्स मऊ होतात. मग लोणी व केळे मिसळावे. वीजपुरवठा रात्रभर बंद राहिला असेल तर फ्रिजमधील डब्यावरही विसंबू नये.

दुसरी, दाणे निवडण्याची. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी एका अज्ञात रोगाने मेले. शोध घेता त्यांच्या खाद्यातील शेंगदाण्याच्या पेंडीत बुरशीने तयार केलेले विष सापडले. 'अॅफ्लाटॉक्सिन' हे त्याचे नाव. ओलसर राहिलेल्या दाण्यांवर वाढणाऱ्या 'अॅस्परजिलस' जातीच्या बुरशीपासून ते निर्माण होते, आणि दीर्घकाळ पोटात गेल्यास माणसाच्या यकृतालाही घातक ठरते. भाजल्याने ते पूर्णपणे नष्ट होत नाही, हे विशेष लक्षात ठेवावे. यास्तव सुरकुतलेले, काळपट, हिरवट बुरशी धरलेले, फुटके वा चवीला कडवट दाणे निर्दयपणे बाजूला काढावेत. शेंग हलवून आतील दाणा खुळखुळतो की नाही ते पाहणारी आणि ताटात दाणे पसरून एकेक निवडणारी आजी वेळ घालवीत नसते. ती घराचे रक्षण करीत असते. वाटलेल्या लोण्यात वाईट दाणा ओळखता येत नाही, म्हणून ते काम वाटण्यापूर्वीच झाले पाहिजे.

तिसरी, काही थोड्या व्यक्तींना शेंगदाणा मुळीच सोसत नाही. खाताच अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे, श्वास कोंडणे असे प्रकार होतात आणि ते प्राणावरही बेतू शकते. मित्राला आपल्या डब्यातील घास देण्यापूर्वी विचारून घ्यावे. ही शंका घेणे म्हणजे अविश्वास नव्हे.

कोणी म्हणेल, "सर, ओट्स महाग पडतात." आक्षेप रास्त आहे. पण या लेखातील मुख्य वस्तू ओट्स नव्हेतच. ज्वारीच्या लाह्या, जाडे पोहे, रात्री भाजून ठेवलेला गव्हाचा दलिया, यांपैकी घरात जे असेल ते घ्या. लाह्या आणि पोहे रात्रभर भिजवण्याची गरज नाही. सकाळी दुधात किंवा दह्यात दहा मिनिटे पुरतात. दलिया मात्र शिजवावाच लागतो. शेंगदाण्याचे लोणी करण्यास सवड नसेल तर दाण्याचे कूट घाला. पोषण तेच, फरक फक्त मऊपणाचा. धान्य, दाणे, दूध आणि फळ हे चार सोबती एकत्र आले पाहिजेत, आणि त्यांची गाठ रात्रीच घालून ठेवली पाहिजे, हे खरे सूत्र.

त्या विद्यार्थिनीला मी ही कृती कागदावर लिहून दिली होती. पंधरा दिवसांनी ती भेटली तेव्हा विचारले, "करतेस ना?" ती म्हणाली, "करते, सर. पण ओट्स नाही, ज्वारीच्या लाह्या घेते. आणि एकटीपुरते नाही, चार डबे भरते. आई पाळीला जाताना तिचा डबा घेऊन जाते." मी या न्याहारीचा विचार करीत होतो तो शाळेत येणाऱ्या मुलांपुरता. ज्या माउलीला मुलांसाठी सकाळी वेळ मिळत नाही तिच्या स्वतःच्या पोटातही कामावर जाताना काही नसते, ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. ती एका सातवीतील मुलीच्या ध्यानात आली.

विद्यार्थी मित्रहो, आज रात्री अभ्यास आटोपल्यावर पाच मिनिटे स्वयंपाकघरात जा. एक डबा स्वतःसाठी भरा. आणि घरात सर्वांच्या आधी कोण उठते ते आठवून दुसरा त्यांच्यासाठी भरा.